पालेर्मो: एका थडग्यावर चार लिप्या

सिसिली बेटाची राजधानी असलेलं पालेर्मो हे बंदर फिनिशियन व्यापाऱ्यांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकात वसवलं. पुढे कार्थेजचा अंमल आला, इ.स.पू. 254 मध्ये रोमन आले, मग व्हँडल, गॉथ आणि 535 मध्ये बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे लोक. 831 मध्ये अरबांनी शहर घेतलं, 1072 मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी. त्यानंतर जर्मन, फ्रेंच, आरागोनचे राजे, स्पेन, काही वर्षं सव्हॉय घराणं, काही वर्षं ऑस्ट्रिया, मग बूर्बाँ, आणि अखेर 1860 मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी. ही यादी पुस्तकात वाचली तर डोक्यात राहत नाही, पण शहरात पायी फिरलं की रस्त्यारस्त्यावर तिच्यातलं एकेक नाव समोर येतं.

दिवाळी आटोपून आई आणि मी निघालो. आई निवृत्तीनंतर मोडी शिकली. तेव्हापासून जुनी लिपी दिसली की तिला ती वाचल्याशिवाय राहवत नाही, आणि वाचता आली नाही तर निदान जवळून पाहायची तरी असतेच. पालेर्मोला जायचं तिच्यामुळेच ठरलं.

गुरुवार: विमानतळ ते बालारो

विमानतळाचं नाव फाल्कोने-बोर्सेल्लिनो. माफियाविरुद्ध खटले उभे करणारे हे दोन न्यायाधीश, दोघांचेही 1992 मध्ये स्फोट घडवून बळी घेतले गेले. शहराकडे येताना कापाची गावाजवळ महामार्गाच्या दोन्ही बाजूंना लाल स्तंभ दिसतात. 23 मे 1992 रोजी जोव्हान्नी फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि तीन अंगरक्षक जिथे मारले गेले, ती ही जागा. बसमधले गप्पा मारणारे दोन म्हातारे तिथे क्षणभर थांबले आणि मग पुन्हा बोलू लागले. राज्यकर्त्यांच्या यादीत माफियाला जागा नसते, पण या शहराने त्यांनाही कर भरला आहे.

मुक्काम बालारो बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. हा बाजार अरबांच्या काळापासून इथेच भरतो. संध्याकाळी पहिली भेट पानेल्लेशी झाली. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, चौकोनी कापायचं, तळायचं आणि तिळाच्या पावात घालून लिंबू पिळायचं. आईने पहिल्या घासालाच ‘बेसन!’ म्हटलं आणि तिची जेवणाची चिंता तिथेच मिटली.

पानेल्ले घेतल्यावर शेजारच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेलो. दुकानदार बांगलादेशातल्या सिल्हेटचा निघाला. बरीच वर्षं इथे आहे, मुलं इथेच जन्मली. आमच्याशी तो हिंदीत बोलला, मागच्या गिऱ्हाइकाशी सिसिलियनमध्ये. 2016 मध्ये इथून जवळच्या माकेदा रस्त्यावर बहुतेक बांगलादेशी असलेल्या दुकानदारांनी खंडणीखोरांविरुद्ध पोलिसांत तक्रारी दिल्या आणि अटका झाल्या. मी तो विषय काढला. ‘दीदी, डर तो था, लेकिन सब साथ में थे,’ एवढंच तो म्हणाला आणि आईच्या पिशवीत दोन संत्री घातली. पैसे घेतले नाहीत.

शाकाहारी मंडळींसाठी: ‘आरांचिना’ हा तांदळाचा भरलेला तळलेला गोळा जागोजागी मिळतो. ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, म्हणून तो प्रकार शाकाहारी समजू नका; आत बहुधा डुकराचं मांस असतं. पालकाचा मागा. जाड पावासारख्या ‘स्फिंचोने’त खारवलेली मासळी असते. वांग्याची आंबटगोड ‘कापोनाता’ मात्र निर्धास्त खा. आम्ही ती रोज खाल्ली.

शुक्रवार: राजवाडा आणि कॅथेड्रल

नॉर्मन राजवाडा शहराच्या सर्वांत उंच भागात आहे. तळघरात फिनिशियन काळातली तटबंदी दिसते, तिच्यावर अरब अमिरांचा किल्ला, त्यावर नॉर्मनांचा महाल, त्यावर स्पॅनिश व्हाइसरॉयची दालनं. आज इथे सिसिलीची विधानसभा भरते. सत्तेने जागा बदललीच नाही, फक्त मजले चढवले. याच वाड्याच्या मनोऱ्यावरच्या वेधशाळेतून 1 जानेवारी 1801 रोजी जुझेप्पे पियात्सी यांना सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला.

ज्यासाठी लोक इथे येतात ते ‘काप्पेल्ला पालातिना’, म्हणजे रॉजर दुसरा याचं खासगी प्रार्थनागृह. हा राजा 1130 च्या नाताळात पालेर्मोला राज्याभिषेक करवून सिसिलीचा पहिला राजा झाला. आत शिरल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, कारण भिंती सगळ्या सोन्याच्या आहेत. बायझंटाईन कारागिरांनी काचेच्या बारीक तुकड्यांतून ख्रिस्त, संत आणि बायबलमधले प्रसंग उभे केले आहेत. आराखडा लॅटिन चर्चचा. आणि वर मान केली की लाकडी छत मधाच्या पोळ्यासारखं खाली उतरतं. ही अरबी मुकर्नस शैली. त्यावर रंगवलेले वादक, बुद्धिबळ खेळणारे, मद्याचे चषक धरलेले लोक आणि भोवती कुफी अक्षरांत राजासाठी शुभचिंतन. चर्चच्या छतावर अरबी अक्षरं! आई खांबाला टेकून कितीतरी वेळ मान वर करून उभी राहिली. शेवटी एका रखवालदाराने तिला खुर्ची आणून दिली.

प्रार्थनागृहाजवळच्या भिंतीत एक दगड बसवला आहे, तो चुकवू नका. 1142 मध्ये रॉजरने जलघटिका करवून घेतली, तिचा हा शिलालेख लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तिन्ही भाषांत आहे. त्याच्या दरबारात कारकून तिन्ही लिप्यांचे होते. हुकूम कोणाला जातो त्याप्रमाणे भाषा ठरे. आदिलशाहीच्या दफ्तरात फारसीबरोबर मराठी चालायची ती याच व्यवहारी कारणाने, असं आई म्हणाली, आणि मला ते पटलं. परक्या राजाला वसूल हवा असेल तर तिथल्या लोकांचं लिहिणं-वाचणं मोडून चालत नाही.

याच दरबारात अल-इद्रिसी या भूगोलतज्ज्ञाने बरीच वर्षं काम करून 1154 मध्ये जगाचं वर्णन पूर्ण केलं. त्याच्या नकाशांत दक्षिण वरच्या बाजूला असते. आम्हाला या ग्रंथाचं अप्रूप वेगळ्या कारणाने. त्यात आपल्या किनाऱ्यावरचं सोपारा आहे आणि सैमूरही, ज्याला अभ्यासक चौल मानतात. पालेर्मोच्या या टेकडीवर बसून कोणीतरी आपल्या कोकणाची नोंद करत होतं, हे कळल्यावर ही भिंत मला एकदम ओळखीची वाटली.

दुपारी कॅथेड्रल. इथे आधी बायझंटाईन चर्च होतं, अरबांनी त्याची मशीद केली, नॉर्मनांनी पुन्हा चर्च केलं आणि 1185 मध्ये आर्चबिशप वॉल्टरने आजची इमारत उभारली. दक्षिणेच्या मुख्य ओवरीत शिरताना डाव्या हाताच्या खांबावर कुराणातली ओळ कोरलेली आहे. कित्येक शतकं ख्रिस्ती भाविक तिच्या शेजारून आत जातात. आत रॉजर आणि त्याचा नातू, सम्राट फ्रेडरिक दुसरा, यांची जांभळट दगडाची थडगी आहेत.

सूचना: मंगळवार ते गुरुवार विधानसभेच्या कामामुळे राजवाड्यातली शाही दालनं साधारणपणे बंद असतात, म्हणून शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार धरा. दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहा. दहानंतर जहाजांवरच्या पर्यटकांचे गट येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

शनिवार: बेल्लीनी चौक, ज्यूंची वस्ती, स्तेरी

‘क्वात्रो कान्ती’ हा शहराचा मधला चौक 1600 नंतर स्पॅनिश अमलात बांधला. चारही कोपऱ्यांच्या इमारतींवर खाली चार ऋतू, मध्ये चार स्पॅनिश राजे, वर शहराच्या चार रक्षक संत स्त्रिया. पुढे 1624 मध्ये प्लेग आला, सांता रोसालियाच्या अस्थी डोंगरात सापडल्या, त्यांची मिरवणूक निघाली, साथ ओसरली आणि या चौघी मागे पडल्या. पालेर्मोत राजांप्रमाणे संतही बदलले!

तिथून दोन मिनिटांवर बेल्लीनी चौक. एका ओट्यावर शेजारी शेजारी दोन चर्च आहेत. तीन लाल घुमटांचं सान कातालदो आतून उघडं, नुसत्या दगडाचं. मला ते फार आवडलं, सोन्याने थकलेल्या डोळ्यांना तिथे विसावा मिळतो. शेजारचं मार्तोराना 1143 च्या सुमारास रॉजरचा नौदलप्रमुख, अँटिओकचा जॉर्ज याने बांधलं. आत एका मोझेकमध्ये खुद्द ख्रिस्त रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतो आहे. राजा लॅटिन परंपरेचा, पोशाख बायझंटाईन सम्राटाचा आणि नाव ग्रीक अक्षरांत लिहिलेलं. 1184 च्या नाताळात स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर इथे आला होता. सणासाठी आलेल्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारख्या रेशमी वस्त्रांत, बुरख्यात आणि मेंदी लावून आलेल्या पाहून त्याला नवल वाटलं. मार्तोराना दुपारी लवकर बंद होतं, सकाळीच उरका.

समोरच्या सांता कातेरिना मठाच्या आवारात नन्सच्या जुन्या पाककृतींची मिठाई मिळते. बदामाच्या पिठाची, हुबेहूब अंजीर, पीच आणि डाळिंब दिसणारी ‘फ्रुत्ता मार्तोराना’ मूळची शेजारच्या मठातली. आम्ही गेलो ते दिवस 2 नोव्हेंबरच्या जवळचे. त्या दिवशी घरातले मृत आप्त लहान मुलांसाठी खाऊ आणि खेळणी ठेवून जातात अशी इथली श्रद्धा. सगळी दुकानं या बदामी फळांनी आणि रंगवलेल्या साखरेच्या बाहुल्यांनी भरली होती. मिठाई बांधून देणाऱ्या बाईने विचारलं, कोणासाठी? आई म्हणाली, नातवासाठी. बाईने आतून एक साखरेचा घोडेस्वार आणून वर ठेवला आणि कापसात गुंडाळून दिला. तो घरी धड पोहोचला.

मग दक्षिणेकडच्या जुन्या ज्यू वस्तीत शिरलो. इथल्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. ज्यूंच्या घरी अरबी भाषा मुसलमान गेल्यावरही कितीतरी पिढ्या चालू राहिली. 1492 मध्ये ज्यूंना हद्दपार करण्याचा स्पेनच्या राजाचा हुकूम सिसिलीत लागू झाला आणि काही महिन्यांत ही वस्ती रिकामी झाली. ज्यांनी राहायचं ठरवलं त्यांना धर्म बदलावा लागला, आणि मग त्यांच्या पाळतीवर इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, बसलं.

त्या इन्क्विझिशनचं ठाणं म्हणजे स्तेरी राजवाडा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1782 पर्यंत इथे तुरुंग होता. कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी विटेची पूड, कोळसा, हाताला लागेल त्याने चित्रं काढली, प्रार्थना आणि कविता लिहिल्या. 1906 मध्ये लोकसंस्कृतीचे अभ्यासक जुझेप्पे पित्रे यांनी चुन्याचे थर खरवडून त्यातल्या काही पुन्हा उजेडात आणल्या. सिसिलीचा नकाशा आहे, संतांच्या रांगा आहेत, इंग्रजीतही ओळी आहेत. आत फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात. आमची मार्गदर्शक कॉलेजातली मुलगी होती. एका ओळीपाशी ती थांबली, आधी सिसिलियनमध्ये मोठ्याने वाचली, मग इंग्रजीत अर्थ सांगितला, आणि तिचा आवाज भरून आला. रोज दाखवत असणार, तरीही. या शहरात आणखी काहीही वगळावं लागलं तरी स्तेरी वगळू नका.

रविवार: झीझा आणि पेल्लेग्रीनो डोंगर

सकाळी उठलो तर आकाश पिवळट. आफ्रिकेतून येणारा सिरोक्को वारा सुटला होता. ऑक्टोबर संपत आला तरी उकाडा मे महिन्याचा, आणि दातांखाली बारीक वाळू. अशा दिवशी झीझा पाहायला मिळणं हे भाग्यच. विल्यम पहिला आणि दुसरा या पितापुत्रांनी 1165 नंतर अरब कारागिरांकडून बांधून घेतलेला हा उन्हाळी महाल. तोंड समुद्राकडे, तीन उंच कमानींतून वारा आत येतो. आतल्या दालनात भिंतीतल्या कारंज्याचं पाणी तिरप्या संगमरवरी फरशीवरून खाली येऊन जमिनीतल्या चरातून बाहेरच्या तळ्यात जायचं. त्यावरून थंड झालेली हवा भिंतींतल्या पोकळ्यांतून वरच्या मजल्यांवर चढायची. आज कारंजं वाहत नाही, तरी बाहेरून आत पाऊल टाकल्यावर अंगावरची झळ गेली.

वरच्या दालनांत संग्रहालय आहे, आणि आई ज्यासाठी आली होती तो दगड इथे आहे. ग्रिसांतो नावाच्या ख्रिस्ती पाद्रीने 1149 मध्ये आपल्या आईसाठी, आन्नासाठी, हे स्मारक केलं. मधोमध क्रूस, चारही बाजूंना चार लेख. वर हिब्रू अक्षरांत लिहिलेली अरबी, डावीकडे लॅटिन, उजवीकडे ग्रीक, खाली अरबी. प्रत्येक लेखात मृत्यूचं साल त्या त्या समाजाच्या कालगणनेप्रमाणे दिलं आहे. ती 1148 मध्ये गेली. मजकूरही थोडाथोडा वेगळा आहे, वाचणाऱ्याला रुचेल असा. राजाने केलेली बहुभाषिकता मी समजू शकते, तिच्यामागे वसूल आहे, दबदबा आहे. पण हा एक मुलगा. शहरातल्या प्रत्येकाला आपली आई कोण होती ते वाचता यावं, एवढंच त्याला हवं होतं. आई काचेपाशी वाकून चारही बाजूंना फिरली आणि मग माझा हात धरून उभी राहिली.

या काळाला ‘सलोख्याचं सुवर्णयुग’ म्हणण्याची पद्धत आहे. ते खरं नाही. नॉर्मनांच्या राज्यात मुसलमान आणि ज्यू वेगळा कर भरत होते. 1161 च्या बंडाळीत पालेर्मोच्या मुसलमानांची कत्तल झाली, 1189 नंतर पुन्हा. उरलेल्यांना फ्रेडरिक दुसऱ्याने 1220 नंतर इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला हलवलं. तोच फ्रेडरिक, ज्याला अरबी येत होती. छतं ठेवली, खांब ठेवले, कालवे ठेवले. ते करणाऱ्यांची नातवंडं घालवली. झीझाच्या दालनात उभं राहिल्यावर दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असायला हव्यात. आन्नाचा दगड त्यामुळे लहान होत नाही, माझ्या लेखी तो आणखी मोठा होतो.

दुपारी बसने पेल्लेग्रीनो डोंगर. सुमारे चारशे तीस मीटर उंचीवर गुहेत सांता रोसालियाचं देऊळ आहे. गुहेच्या छतातून झिरपणारं पाणी पत्र्याच्या पन्हळींतून गोळा करतात. रविवार असल्याने आवारात गर्दी होती आणि त्यात, आश्चर्य म्हणजे, कांजीवरम नेसलेल्या बायका, केसांत गजरे! श्रीलंकेतल्या यादवीमुळे बाहेर पडलेले हजारो तमिळ पालेर्मोत स्थायिक आहेत. त्यांच्यातले ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही रोसालियाला मानतात आणि डोंगर पायी चढून येतात. एक आजी अनवाणी होत्या. त्यांची नात इटालियन आणि इंग्रजी बोलत होती, तिच्यामार्फत आईचं आणि आजींचं बोलणं झालं. आजी जाफन्याच्या. घरी मुरुगनही आहे आणि रोसालियाही, म्हणाल्या. निघताना त्यांनी डब्यातले दोन वडे आईच्या हातावर ठेवले.

सोमवार: मोंरेआले

रात्री पाऊस झाला आणि सकाळी सगळ्या गाड्यांवर तांबड्या मातीचे ठिपके. इन्दिपेन्देन्सा चौकातून मोंरेआलेची बस मिळते. रहदारी असेल तर वेळ जास्त धरा. विल्यम दुसऱ्याने 1174 च्या सुमारास सुरू केलेलं हे कॅथेड्रल. आत सहा हजार चौरस मीटरहून जास्त मोझेक. नोआचं जहाज, बाबेलचा मनोरा ओळखत आम्ही चित्रकथेसारखं वाचत गेलो. मुख्य घुमटीत संतांच्या रांगेत इंग्लंडचा आर्चबिशप थॉमस बेकेट आहे. विल्यमची राणी जोआन ही इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याची मुलगी, आणि याच हेन्रीच्या सरदारांनी बेकेटला मारलं होतं. सासऱ्याच्या हातून गेलेल्या माणसाला जावयाने संतांत बसवलं.

शेजारच्या ओवऱ्यांत जोडीजोडीने उभे दोनशेहून जास्त खांब आहेत, प्रत्येक जोडीचा माथा वेगळा. कोपऱ्यातल्या खजुराच्या झाडासारख्या कारंज्यापाशी सकाळी सावली असते. गच्चीवर चढायला अरुंद जिना आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. आई खाली थांबली, मी वर जाऊन आले. वरून खालचं खोरं आणि पलीकडे समुद्रापर्यंत पसरलेलं शहर दिसतं. अरबांनी आणलेल्या लिंबू-संत्र्यांच्या बागा इथे मैलोन्‌मैल होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर माफिया आणि पुढाऱ्यांच्या संगनमताने त्यांच्यावर इमारती उठल्या. मला फार वाईट वाटलं.

मंगळवार: ला काला

शेवटचा दिवस जुन्या बंदरासाठी राखला होता. ‘ला काला’ आता लहानशी खाडी आहे, शिडांच्या होड्या आणि मासेमारीच्या नावा. पूर्वी समुद्र शहरात खूप आतपर्यंत होता आणि दोन्ही बाजूंनी नद्या येऊन मिळत. गाळ साचला, नद्या बुजल्या आणि आज त्यांच्यावरून रस्ते जातात. नकाशा हातात धरून आम्ही जुना किनारा चालून पाहिला. गल्ल्यांची वळणं पाहिली की तो ओळखू येतो. 535 मध्ये बायझंटाईन सेनापती बेलिसारियसने इथेच जहाजं तटाला भिडवली, शिडाच्या डोलकाठ्या तटापेक्षा उंच आहेत हे पाहून लहान नावांत धनुर्धर बसवले आणि त्या दोरांनी टोकावर चढवल्या. वरून बाण येऊ लागले तशी आतल्या गॉथांनी शरणागती पत्करली.

बंदरामागच्या काल्सा भागात 1943 च्या बॉम्बफेकीच्या खुणा अजून आहेत: एक भिंत उभी आणि मागे मोकळं आकाश. सांता मारिया देल्लो स्पासिमो या चर्चला छप्पर नाही, मध्येच एक झाड उगवून वर गेलं आहे. तिथून बाहेर पडून खाडीकाठच्या दुकानात बदामाची ग्रानिता, म्हणजे गोड बर्फाचा चुरा, घेतली, ब्रिओश या मऊ पावासोबत. आईने दोन घेतल्या.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: ऑक्टोबर आणि एप्रिल चांगले, जुलै-ऑगस्ट टाळा, मात्र सांता रोसालियाची मोठी जत्रा 14 जुलैच्या रात्री असते, ती पाहायची तर उकाडा सोसा. जुन्या शहरात गाडी घेऊ नका, सगळं पायी होतं, फरशा गुळगुळीत असल्याने तळव्यांना पकड असलेले बूट घाला. झीझा बहुतेक सहलींच्या यादीत नसतं, स्वतः जावं लागतं. रविवारी सकाळी तिथे आमच्याखेरीज एक शाळकरी मुलगा आणि त्याचे वडील एवढेच होते. आन्नाचा दगड कुठल्या दालनात आहे ते तिकीट देणाऱ्याला विचारा, तो उठून दाखवायला येतो.